नरम स्प्रिंग

यांच्या कण्याचं ऑपरेशन झालं आणि पाचव्या महिन्यात एका सकाळी हे मला म्हणाले, "गाडीचे शॉकअप अन् स्प्रिंगा बदलून घे. काटोलला ताईकडे जाऊन येऊ." गाडी म्हणजे आमची रोजची नव्हे. यांनी वीस वर्षांपूर्वी भंगाराच्या भावात उचललेली, कापडी टपाची, दोन सीटची विलायती स्पोर्ट्स कार. तिच्याखाली लोळून लोळूनच यांची पाठ गेली असं माझं मत आहे, आणि ते मी वेळोवेळी ऐकवलेलं आहे. आता चालवायची मी, यांनी नुसतं शेजारी बसायचं, असं ठरलं.

नाही म्हणवेना मला. पाच महिने घरात बसून माणूस पार विझून गेला होता. पेपर उघडायचे तो तसाच मांडीवर पडलेला. त्या गाडीचं नाव निघालं की मात्र ताठ होऊन बसायचे. रामदासपेठेतल्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, "दुखत नाही म्हणताहेत ना, मग हरकत नाही. पण पाठीला दणका बसता कामा नये." झालं. माझ्या कानात तेवढाच शब्द राहिला. आपल्या नागपूरचे सिमेंटचे रस्ते दिसायला गुळगुळीत, पण थोड्या थोड्या अंतरावर सांधा, आणि प्रत्येक सांध्यावर चाक धबकन बोलतं. मी भाजी आणायला निघाले तरी सांधे मोजायला लागले. स्पीडब्रेकर दिसला की पार थांबूनच जायचे. मुळात माझा स्वभावच घोर लावून घेणारा, त्यात हे निमित्त मिळालं.

सदरमधला आमचा मिस्त्री पहिल्यापासून ती गाडी बघतो. त्यानं जुन्या स्प्रिंगा काढून माझ्यासमोर ठेवल्या. यांच्या, म्हणजे चालवणाऱ्याच्या बाजूची दबून बसलेली होती. नवी तीन तऱ्हेची मिळेल म्हणाला. मूळ होती तशी, तिच्याहून कडक, नाहीतर पातळ तारेची नरम, ती तो इथंच वळवून आणून देणार. यांचा हुकूम स्पष्ट होता, मूळ मापाचीच. "ती गाडी आहे, सोफा नाही," असं मला दोनदा बजावलं होतं.

मी मिस्त्रीला म्हटलं, "नरम. आणि शॉकअपही नरमातले नरम."

"साहेबांनी तं ओरिजिनल सांगतलं होतं."

"साहेबांना सांगायचं नाही."

त्यानं डोकं खाजवलं. "वहिनी, तुमी काहून एवढं टेन्शन घेऊन राहिल्या? नरम घेतली म्हणजे आराम भेटते असं नसते."

पण मी ऐकते कुठे. पाच महिने उशी नरम, भात नरम, बोलणंसुद्धा नरम चाललं होतं, मग स्प्रिंगच तेवढी कडक कशी आणू? घरी यांनी विचारलं, "मूळ मापाचीच ना?" मी म्हटलं, "हो हो, तीच." आणि नको इतक्या घाईनं पोळ्या लाटायला लागले. चोराच्या मनात चांदणं.

स्प्रिंगा बसल्या. मिस्त्री म्हणाला, साहेबांना बसवण्याआधी त्यांच्या वजनाचं काहीतरी बसवून पाहू. गव्हाची दोन लहान पोती डाव्या सीटवर रचली, वर पट्टा आवळला. मी गाडी काढली. सांध्यांवर तर बाई फारच छान वाटलं, झुल्यात बसल्यागत. मनात म्हटलं, बघा, माझंच खरं झालं. पुढच्या वळणावर ब्रेकर होता. मी अगदी हळू घातली, तरी पुढचा भाग डुलत खाली गेला, खाडकन आवाज आला आणि वरचं पोतं पट्ट्यातून उसळून दारावर आदळलं.

मला पोतं दिसलंच नाही. मला यांची पाठ दिसली, तिच्यावरची टाक्यांची रेघ दिसली. गाडी तिथंच बंद करून मी स्टिअरिंग धरून बसून राहिले. मागून गाड्या हॉर्न देत होत्या.

मिस्त्री धावत आला. मला रागावला नाही, नुसतं समजावलं. "नरम स्प्रिंग वजनानंच पुरी दबली, वहिनी. ब्रेकरवर दबायले तिच्याजवळ जागाच नाही उरली. मंग धक्का सिद्धा सीटले. थोडी कडक असती तं तिनं सोताच्या अंगावर घेतला असता."

करायला गेले एक अन् झालं भलतंच. दोन दिवस मी यांच्या नजरेला नजर दिली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला सगळं सांगून टाकलं, पोत्यासकट. हे ओरडले असते तर बरं झालं असतं. यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "कधीपासून वं तू माझ्याशी असं लपवून राहिली?" मला रडूच आलं.

मग हे भिंतीकडे बघत म्हणाले, "मीही डॉक्टरले खोटंच सांगतलं."

"काय?"

"दुखत नाही म्हणून. दुखते. अर्धा तास बसलो की दुखते. खरं सांगतलं असतं तं त्यानं जाऊ दिलं असतं का?"

रडू तिथंच थांबलं आणि इतका संताप आला म्हणून सांगू. मी म्हटलं, असल्या पाठीनं तुम्ही त्या पोत्याच्या जागी बसणार होतात, आणि मी वेडी तुम्हाला काटोलला घेऊन निघणार होते. चौतीस वर्षांच्या संसारात एवढ्या मोठ्यानं मी क्वचितच बोलले असेन. यांनी ऐकून घेतलं. मग ठरलं की यापुढे दुखलं तर सांगायचं, आणि मीही काही लपवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर यांनी स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. काटोल रद्द. गावातल्या गावात, कमरेला पट्टा बांधून, पंधरा मिनिटं, बस. मूळ मापाच्या स्प्रिंगा आल्या. शॉकअप यांनीच निवडले, बटण फिरवून कमीजास्त कडक करता येतात असे. मिस्त्रीनं यांनाच सीटवर बसवून, स्प्रिंग किती दबते ते बघायला चाकावरची उंची मोजली, पोती नकोत म्हणाला.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी रस्त्यापेक्षा यांच्या चेहऱ्याकडेच जास्त बघत होते. "समोर पाह," हे म्हणाले. पहिला ब्रेकर आला. गाडी वर गेली, खाली आली आणि एकाच झोक्यात स्थिरावली. खालून आवाज नाही.

"दुखलं," हे म्हणाले. "थोडंसं."

"परत फिरवू?"

"नाही. दुखलं तं सांगतलं. चालव."

पुढे दुसरा ब्रेकर दिसला. मी म्हटलं, "येतो आहे हं. मला भीती वाटते."

यांनी दाराची कडी घट्ट धरली होती. "मलेही भेव वाटते वं," हे म्हणाले. "पहिल्या दिवसापासून वाटून राहिलं."

मी गिअर खाली घेतला आणि हळूहळू पुढे निघाले.