मोंजी उस्तादांचा साप

तुलना केल्याशिवाय मोंजी उस्तादांच्या घशाखाली घास उतरत नसे. दोन घाण्यांचं ऑलिव्ह तेल समोर आलं, की पावाचे सारखे तुकडे करून ठेवायचे आणि मगच बुडवायचे. बायको करवादायची, "खा की एकदाचं! नवरी पसंत करायला बसलाय का?" स्फाक्स शहरातल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून माणूस असा झाला, की असा होता म्हणून गणिताकडे गेला, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

तेव्हा लायब्ररीतलं तुलनेचं काम त्यांच्या गळ्यात पडलं यात नवल नाही. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. बाब जब्ली या जुन्या वेशीजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली होती, तिथं उस्ताद, त्यांची जुनी विद्यार्थिनी सिहेम आणि टेलिफोन खात्यातला हाफेध दर शनिवारी जमत आणि मजकूर कुलूपबंद करणारा कोड सांभाळत. ज्याला हवा त्यानं फुकट वापरावा. त्यात सहा ब्लॉक सायफर होते. मजकुराचे ठरावीक आकाराचे तुकडे पाडायचे आणि किल्ली लावून प्रत्येकाचा असा चुरा करायचा, की त्याच किल्लीशिवाय तो पुन्हा जुळू नये, हे सायफरचं काम. सहा सांभाळायला तीन माणसं पुरेनात. दोन ठेवायचे, चार काढायचे असं ठरलं.

आठ-आठ बाइटचे तुकडे पाडणारे दोन म्हातारे पहिल्याच दिवशी गेले. मोठ्या फाइलीत त्यांचे तुकडे एकसारखे निघू लागतात आणि चोराला धागा सापडतो. तिसरा, एईएस, राहणार हे नक्की होतं, कारण त्याची सोय आता प्रोसेसरमध्येच असते आणि वेगात त्याचा हात कुणी धरत नाही. दुसऱ्या जागेसाठी उरले कॅमेलिया, टूफिश आणि सर्पंट. सर्पंटला सगळे सापच म्हणत. साप हळू, पण सावध. बत्तीस फेऱ्या झाल्याशिवाय तुकडा सोडत नाही. बावीस वर्षांपूर्वी तो लायब्ररीत आणला होता उस्तादांनीच, स्वतःच्या हातानं कोड लिहून.

"परीक्षकाचा पोरगाच परीक्षेला बसलाय म्हणायचं," हाफेधनं चिमटा काढला.

"गप रे. त्याला दोन मार्क कमीच देईन मी."

सायफरच्या कर्त्यांनी नमुने छापून ठेवलेले असतात: ही किल्ली, हा मजकूर, हे उत्तर. उस्तादांनी घरी बसून ते एकेक लावून पाहिले. एईएस जुळला, कॅमेलिया जुळला, टूफिश जुळला. साप जुळेना. आधी त्यांना छपाईच चुकलेली वाटली. माणूस स्वतःवर शेवटी येतो. दोन दिवसांनी उमगलं, की बावीस वर्षांपूर्वी आपण बाइट उलट्या क्रमानं घेतले होते. कुलूप लावून बघावं तर लागायचं, उघडून बघावं तर उघडायचं. आणि तपासणीतली 'बरोबर उत्तरं'? तीही त्यांनी स्वतःच्याच कोडमधून काढलेली. वर्गात कुणी आपल्याच वहीवरून उत्तरसूची केली असती, तर उस्तादांनी त्याला तासभर बाकावर उभं केलं असतं.

वाट मात्र सोपी होती. साप सगळ्यांत हळू होताच. 'वेग कमी, काढावा' एवढं लिहिलं, की सापही मेला असता आणि काठीही तुटली नसती. त्यांनी तक्त्यात तसंच लिहिलं. मग आठ दिवस त्यांना तेलाची चव कळली नाही, कारण नझीहा डोळ्यांसमोरून हलेना. नझीहा कैरुआनला मारहाण झालेल्या बायकांसाठी घर चालवते. गेल्या अकरा वर्षांतल्या त्या बायकांच्या जबान्या तिनं सापाच्या कुलपात ठेवल्या होत्या, त्याही उस्तादांच्याच शब्दावर. त्यांचा कोड गेला, की दुसरा कुठलाही खरा साप त्या फाइली उघडू शकणार नव्हता. आपण किल्ली हरवली असं तिला वाटलं असतं, आणि त्या जबान्यांवर कोर्टात खटले उभे होते.

शनिवारी सिहेमनं तक्ता वाचला. "मग साप काढायचा? वेगामुळे?"

"वेगामुळे नाही," उस्ताद म्हणाले आणि सगळं ओकून मोकळे झाले.

हाफेधला जीभ आवरत नाही. "म्हणजे बावीस वर्षं आपण गांडुळालाच साप म्हणत होतो!"

उस्ताद हसले आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. दोघांनाही त्यांची फार दया आली.

"अहो उस्ताद, कुलूप कच्चं नाहीये, फक्त उलटं आहे," सिहेम म्हणाली. "जुनं उघडण्यापुरतं ठेवू या. नवीन काही त्यात जाणार नाही. पण त्याला सर्पंट म्हणता येणार नाही, दुसरं नाव द्यावं लागेल."

"मोंजी ठेव."

"उस्ताद, असं नका करू."

"ज्याची चूक, त्याचं नाव. लिही."

दुसऱ्या जागेवर, तक्त्यात टूफिशच्या पुढे असलेला कॅमेलिया आला. तिथूनच उस्तादांनी नझीहाला फोन लावला आणि काहीही न लपवता सांगितलं.

"हे कधी कळलं तुम्हाला?" तिनं विचारलं.

"आठ दिवस झाले."

"आठ दिवस! आणि आज सांगताय? परवा एकीची तारीख आहे माझ्याकडे!"

तिनं त्यांना फोन ठेवू दिला नाही. 'मोंजी' नावाचा कोड घेतला आणि ते कानाला फोन लावून बसलेले असताना एकेक फाइल उघडायला घेतली. मध्ये मध्ये नुसतं "उघडली" एवढंच म्हणायची. दोनशे चौदा फाइली झाल्या. उस्तादांचा हात भरून आला, पण त्यांनी कान बदलला नाही.

"सगळ्या उघडल्या," ती शेवटी म्हणाली. आवाज निवला होता. "आता ह्या कॅमेलियात ठेवू म्हणता?"

"हो, बेलाशक."

"तो कुणी तपासला?"

"मी. नमुन्यांशी ताडून पाहिलाय, जुळतोय."

"राग मानू नका उस्ताद. दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मग सांगा मला."

"बरं, बाई," उस्ताद म्हणाले आणि उठून कॉम्प्युटरसमोरची आपली खुर्ची सिहेमला दिली.