पुलाअलीकडचा चमचा

ओकसोमचं सगळं लक्ष पलीकडच्या नाक्यावर होतं, आणि घात केला तो अलीकडच्या नाक्यानं.

नदीपलीकडे, उत्तर कोरियात, बहिणीला भेटायला जायचं म्हणजे आधी सुई-कात्री घेऊन बसायचं, हे चीनच्या काठावरच्या तुमेनमधल्या कुठल्याही कोरियन घराला ठाऊक आहे. कपड्यावर परदेशी अक्षर दिसलं की पलीकडचे शिपाई तो कपडा सरळ काढून घेतात. म्हणून ओकसोमनं नातवाच्या स्वेटरवरची छातीभर अक्षरं टाका टाका उसवून काढली, कॉलरच्या पट्ट्या कापल्या, बुटांच्या तळव्यावरचं नावसुद्धा दगडावर घासून घालवलं. निघताना अंगावर एकावर एक स्वेटर आणि वर जाड कोट चढवला. जाताना फुगून जायचं आणि येताना वाळून यायचं, अशीच इथली रीत. अंगावरचं सगळं तिकडे देऊन यायचं, पायातले बूटसुद्धा.

"आई, यंदा तरी कोट परत आणा," सून म्हणाली.

"तुझी बहीण तिकडे असती म्हणजे विचारलं असतं तुला," ओकसोम म्हणाली आणि बस गाठायला निघाली.

पण कपडे ही नेहमीचीच गोष्ट होती. या खेपेला ती जात होती ते मोज्यात गुंडाळलेल्या एका काशाच्या चमच्यासाठी. तो चमचा तिची थोरली बहीण पोंगन्यो हिचा.

आज कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण ओकसोमच्या लहानपणी दुष्काळ इकडे, चीनमध्ये होता आणि भात तिकडे होता. पोट भरायला माणसं इकडून तिकडे जायची. बापानं चौदा वर्षांच्या पोंगन्योला मामाच्या हवाली केलं आणि गोठलेल्या नदीवरून पाठवून दिलं. एखादा हंगाम बरा गेला की परत आणू, असं ठरलं होतं. हंगाम बरा गेला, तोवर दोन्ही सरकारांचं फाटलं. पलीकडे नातलग आहेत असं तोंडातून काढायचीही चोरी झाली. पुढे सरकारं पुन्हा भाऊभाऊ झाली, पण तोवर पोंगन्योला नवरा होता, पोरं होती.

घरात प्रत्येकाचा चमचा वेगळा. आई जिवंत होती तोवर दर नव्या वर्षाला भाताची वाटी भरून तिच्याशेजारी पोंगन्योचा चमचा मांडायची. पोंगन्योला यातलं काही माहीत नव्हतं. एक तोंड कमी करायला घरच्यांनी आपल्याला घालवून दिलं, हे तिच्या मनात घट्ट बसलं होतं. मागच्या भेटीत ती तसं बोललीही होती, आणि तेव्हापासून ओकसोमला घास गोड लागत नव्हता. आता पोंगन्योच्या छातीचं दुखणं वाढल्याचा निरोप आला होता. मरायच्या आधी तो चमचा तिच्या हातात पडायला हवा, एवढंच ओकसोमला हवं होतं.

अलीकडच्या नाक्यावर यंत्रातून पिशवी गेली आणि साहेबानं मोजा बाहेर काढला. साहेब कोरियनच होता, बोलणंही तुमेनचंच.

"आजी, धातू जाणार नाही. नवीन नियम आहे."

"चमचा आहे रे, बाळा. तोफ नाही."

"सकाळपासून मी नेलकटर काढून घेतोय लोकांचे. कढया, सुया, सगळंच. पलीकडचे अणुबाँब फोडतात म्हणून जगानं ठराव केलाय, आपल्या सरकारनं सही केलीय."

"आपलं सरकार तर त्यांना भाऊ म्हणतं ना?"

"भाऊच आहेत," साहेब जांभई दाबत म्हणाला. "म्हणून तर तुम्हाला जाऊ देतोय. चमचा इथं ठेवा, येताना घेऊन जा."

इकडे धातू काढून घेतात, तिकडे अक्षरं. मधल्या पुलावरून काय न्यायचं ते माणसानं आपलं आपण ठरवावं. ओकसोमला भांडायचं होतं, पण मागे रांग होती आणि चार स्वेटरांत जीव घुसमटत होता. तिनं चमचा ठेवला.

पोंगन्यो अंथरुणातच बसून होती. ओकसोमनं एकेक स्वेटर उतरवून तिच्या पांघरुणावर टाकला, बूट भाचीला दिले, आणि मग चमच्याची सगळी हकिगत सांगितली. आई काय करायची तेही सांगितलं.

पोंगन्यो थकलेल्या डोळ्यांनी बघत राहिली. "रिकाम्या हातानं काय, काहीही सांगता येतं."

"ताई, आईची शपथ."

"कुठल्या बाजूनं झिजलाय?"

"सगळ्यांचे झिजतात त्याच्या उलट बाजूनं."

पोंगन्योनं आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. ती डावखुरी. पातेल्याच्या बुडाची करपलेली खरवड त्याच चमच्यानं, डाव्या हातानं काढायची आणि त्यासाठी बापाच्या टपल्या खायची.

"म्हणजे टाकला नव्हता," ती अखेर म्हणाली. "मग मला का नाही बोलावलं गं?"

याचं उत्तर ओकसोमकडे होतं. सरकारं, पूल, ती दुष्ट वर्षं. पण तोंड उघडल्यावर तिला ते सगळं नाक्यावरच्या साहेबाच्या बोलण्यासारखं वाटलं. "नाही जमलं, ताई," ती म्हणाली, आणि रडू आलं ते तिनं येऊ दिलं.

"गप. म्हातारी झालीस."

"पुढच्या खेपेला आणीन मी. कोटाच्या अस्तरात शिवून आणीन. बघतेच कोण अडवतं ते."

"नको आणू."

"अगं, तुझा आहे तो."

"माझा आहे म्हणूनच." पोंगन्यो धाप लागून थांबली. पांघरुणावरचा स्वेटर तिनं छातीशी ओढला. "इथं आणलास तर त्या घरात माझं काय उरेल? तिथंच राहू दे. नव्या वर्षाला मांडत जा."

"आणि तू गेल्यावर?"

"तेव्हाही मांड. तेव्हा काही मला त्या पुलावरून यावं लागणार नाही."