चांदण्यांची चाल

पारनेरहून नगरला येताना एसटीत एक पोरगी शेजारी बसली होती. मांडीवर लॅपटॉप, त्यात चांदण्यांचा गच्च झुबका. गाडी आदळली की ओढणीनं काच पुसायची आन् नखं खायची.

मी सरळ विचारलं, "परीक्षा हाय का?"

"नाही, आजोबा. हा झुबका फार जुना आहे. आपल्या आकाशगंगेतच जन्मला की बाहेरून आला, ते शोधतेय. उद्या सरांना सांगायचंय. चुकलं तर दोन वर्षं वाया."

"यवढ्या लांबून कळतं व्हय?"

"चालीवरून. बाहेरून आलेला कितीही काळ इथं राहिला, तरी चाल वेगळीच असते."

ती उतरून गेली, मला घोर लावून.

माझी बायको घोडेगावची. चाळीस वर्षं माझ्याकडं नांदली, औंदा गेली. तिची चाल आठवायला बसलो, तर आठवंना. आठवणार कुठून? बाजाराला, देवाला, दवाखान्याला मी कायम पुढं आन् ती मागनं. शेवटालाबी मडकं धरून मीच पुढं चाललो होतो. लोकं म्हणाली, आता मागं बघू नका. मी तसाबी कधी बघत नव्हतो.