लालबाग ते गिरगाव, आमच्या बसने

रविवारी सकाळी लालबागहून निघाले तेव्हा सोबत सुशीलाकाकी होत्या. हातात पिशवी, काखेत छत्री. जायचं होतं गिरगावला. एवढ्याशा प्रवासाचं कसलं वर्णन, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल पान उलटावं. हा प्रवास आमच्याकडून चोरला गेला होता आणि आम्ही तो परत मिळवला, म्हणून लिहितेय.

आधी चोरी सांगते. काकी आमच्या करी रोडच्या चाळीतल्या, मूळच्या कुडाळकडच्या. त्यांची थोरली बहीण गिरगावात, अंथरुणाला खिळलेली. स्टेशनचा जिना काकींच्या गुडघ्यांना झेपत नाही, दर वेळची टॅक्सी खिशाला झेपत नाही. बस होती, ती 'निधीअभावी' बंद झाली. आणि लगेचच त्याच स्टॉपवर काचेचा, निळ्या दिव्यांचा निवारा उभा राहिला. वर एका स्थानिक पुढाऱ्याचा हसरा फोटो, खाली मजकूर: बससेवेच्या निधीतून. कर आम्ही भरायचा, बस यांनी पळवायची आणि बस नसलेल्या स्टॉपवर रोषणाई करायची. वर पाटीही लावायची!

निवेदनं देऊन थकलो. मग काकीच म्हणाल्या, रांग लावूया. रांग लावणं लालबागला शिकवावं लागत नाही. गणपतीत अख्खी मुंबई आमच्याकडे रांगेत असते. रोज सकाळी आम्ही बस नसलेल्या स्टॉपवर उभ्या राहायला लागलो. येणारा-जाणारा विचारायचा, कसली रांग? आम्ही नुसतं पाटीकडे बोट दाखवायचो. वाचून बरेच जण मागे उभे राहायचे. रांग नाक्यापलीकडे गेली तेव्हा हवालदार आला. त्यानेही पाटी वाचली आणि "एका बाजूने उभे राहा," एवढंच म्हणून गेला. शेवटी अधिकाऱ्यांना झक मारत जाहीर करावं लागलं: बसचा पैसा बससाठीच, रविवारपासून बस सुरू.

तर बस आली, आणि निवाऱ्यापाशी थांबलीच नाही. समोर शोभेच्या लोखंडी कुंड्या मांडून ठेवल्यात, ड्रायव्हर गाडी कडेला घेणार कशी? त्याने ती पुढे नेऊन उभी केली. अख्खी रांग हसत धावली. काकींची छत्री दारात आडवी अडकली.

"आजी, छत्री सरळ धरा की," कंडक्टर वैतागला.

"आजी कोणाक म्हणतस रे? माका खिडकी होयी." (मला खिडकी हवी.)

खिडकी मिळाली. चिंचपोकळीच्या पुढे एका काचेच्या टॉवरकडे बोट दाखवून काकी म्हणाल्या, इथे त्यांच्या यजमानांची गिरणी होती. भायखळ्याला मेथीचा वास आत शिरला. नागपाड्याला सिग्नलवर बस रखडली, पण कुरकुर कोणीच केली नाही. बसमध्ये बसून रखडण्याचंही सुख असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

गिरगावात चाळीच्या तळमजल्यावर बहीण उशीला टेकून बसली होती. काकींना बघून पहिलं वाक्य टोमण्याचं.

"वाट चुकलंस काय गो?"

"वाट नाय, बस चोरलेली. ती घेवन इलंय." (ती घेऊन आलेय.)

त्यावर दोघी इतक्या हसल्या की बहिणीची सून स्वयंपाकघरातून धावत आली. मग तिने आंबोळ्या (तांदूळ-उडदाची जाड धिरडी) आणि काळ्या वाटाण्याची उसळ वाढली. मी तीन वेळा 'पुरे' म्हटलं, कोणी ऐकलं नाही. बहिणीने काकींचा हात शेवटपर्यंत सोडला नाही.

संध्याकाळी त्याच बसने परतलो. लालबागला उतरलो तर निवाऱ्याचे निळे दिवे झगमगत होते आणि फोटो अजून हसत होता. हसू दे. त्या निवाऱ्याचा हिशेबही आम्ही मागणार आहोतच. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, काकींची छत्री गिरगावातच राहिली. मी हळहळले. काकी मात्र चालू लागल्या होत्या.

"ऱ्हवांदे. उद्या जावन हाडतंय."

उद्या जाऊन आणते म्हणे! आठवड्यापूर्वी असं म्हणायची सोय नव्हती.