येरवड्यातली बंद खोली

टेंभुर्णीच्या स्टँडवरून सकाळच्या पुणे गाडीत आम्ही तिघं चढलो, तेव्हा माझ्या डोक्यात एकच घोळत होतं: ही माणसं फुकट का बोलावतात? जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली. फुकट म्हटलं की मी आधी समोरच्याचे डोळे बघतो.

झालं असं, की पुण्यातल्या एका केंद्रात लहान मुलांचे कानाचे आजार आणि कमी ऐकू येणं यावर संशोधन चाललंय. अंगणवाडीच्या ताईंनी माझ्या नातीचं, ओवीचं नाव परस्पर सुचवलं. चार वर्षांची पोर, हाक मारली तर ढिम्म. सुनीताचं, म्हणजे माझ्या सुनेचं, म्हणणं की तिला ऐकू येत नाही. माझं म्हणणं, हट्टी आहे, माझ्यावर गेलीय. गेल्या महिन्यात तीन हाकांना वळली नाही म्हणून मी तिच्या पाठीत धपाटाही घातला होता. बहिरी म्हणून शिक्का बसला की तो जन्मभर पुसत नाही, याची मला धास्ती. म्हणून लक्ष ठेवायला बरोबर निघालो.

भिगवणला गाडी चहाला थांबली. त्याआधी खिडकीतून उजनीचा फुगवटा (धरणामागे तुंबलेलं पाणी) दिसत होता आणि ओवी "बअळा, बअळा" करत बगळे दाखवत होती. तिचं ते बोबडं बोलणं मला गोड वाटायचं. सुनीताने तोंड फिरवलं.

स्वारगेटला रिक्षा केली. लांबून तर नेणार नाही ना, असं मी दोनदा विचारल्यावर रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "काका, रस्ता तुम्ही सांगा, मी नुसतं हँडल धरतो." पुणं आलं म्हणायचं! येरवड्यात तुरुंगाची लांबलचक भिंत लागली. मनात म्हटलं, शकुन तर झकास झाला. केंद्रासमोरच्या हॉटेलात पोह्यांवर रस्सा मागितला, तर गल्ल्यावरच्या गृहस्थांनी मान वर न करता मिसळीच्या दुकानाकडे बोट दाखवलं. पोहे मात्र मऊ होते, खोटं कशाला बोलू?

केंद्रात श्रवणतज्ज्ञ (कानाला किती ऐकू येतं ते तपासणाऱ्या) गायकवाड मॅडम भेटल्या. तरुण पोरगी, आवाज हळू. त्यांनी संमतीचा कागद दिला. मी चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला. केव्हाही माघार घेता येईल, असं त्यात लिहिलं होतं. इतक्या सुखासुखी कोण सोडतं? माझा संशय दुप्पट झाला. सुनीताने मात्र माझ्या हातातून कागद घेतला आणि सही करून टाकली.

तपासणीची खोली दार लावलं की अगदी मुकी व्हायची. ओवी माझ्याच मांडीवर बसायला तयार झाली. खेळ सोपा होता: आवाज आला की वाटीत मणी टाकायचा. पहिले आवाज मोठे होते, तिने पटापट मणी टाकले. मग आवाज बारीक झाले. मला ऐकू येत होते, ती गप्प. माझं बोट आपोआप तिच्या कमरेला लागलं. मणी पडला. पुन्हा आवाज, पुन्हा बोट. दोरी ओढून घंटी देण्यात हात मुरलेला, त्यामुळे कुणाला कळेल असं वाटलं नाही.

काचेपलीकडच्या मॅडमनी यंत्र थांबवलं. आत येऊन त्यांनी माझ्या कानांवर हेडफोन चढवायला घेतले. मी म्हटलं, मी काहीच करत नाहीये.

"काका, तुम्ही तिला पास करताय," त्या म्हणाल्या. "तिला नेमकं किती ऐकू येतं ते मला कळू द्या."

आयुष्यभर लोकांची तिकिटं तपासली, आणि पकडला गेलो मी.

हेडफोनमध्ये गाणी सुरू झाली. बाहेर काय वाजतंय ते आता मला कळेना. ओवी मणी गालाशी धरून बसली होती. थोड्या वेळाने ती वळली आणि माझ्या तोंडाकडे बघू लागली. खुणेची वाट बघत होती. घरीही ती अशीच बघते, आणि मी त्याला लाडात येणं समजत होतो. मला माझीच लाज वाटली.

मग मॅडमनी यंत्राने तिचे कान तपासले. कानाच्या पडद्यामागे चिकट पाणी साचलंय, असं निघालं. बरेचदा ते आपोआप जातं, नाहीतर छोटं ऑपरेशन. तीन महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. तोवर समोर येऊन बोला, म्हणाल्या. पण फुकट का, हे मी जाताजाता विचारलंच. हे लवकर कळलं तर मुलांचं बोलणं किती सुधारतं, तेच शोधतोय, असं उत्तर मिळालं. त्यात खोट काढायचा मी हडपसरपर्यंत प्रयत्न केला. सापडली नाही.

परतीच्या गाडीत ओवी सुनीताबरोबर माझ्या पुढच्या सीटवर होती. मी मागून हळूच हाक मारली. ती खिडकीतून बघत राहिली. पुन्हा मारली. मग मी उठलो, दांड्याला धरून तिच्या समोर गेलो आणि वाकलो.

"ओवी, चुकलं माझं."

माझ्या ओठांकडे बघत ती म्हणाली, "काय?"

मी पुन्हा म्हटलं. या वेळी मोठ्याने, भरल्या गाडीत.