आमच्या डॉक्टरची मूठ

दमलेल्या माणसाला विश्रांतीचं महत्त्व समजावून सांगणं, यासारखा सभ्य छळ दुसरा नाही. तो मी तरुणपणी दर रविवारी सकाळी सोसला आहे. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. डॉक्टरीची परीक्षा पास होऊन मी सांगलीकडून पश्चिम खानदेशात आलो आणि शिरपूरच्या अलीकडच्या एका गावी, एका धर्मादाय दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर म्हणून राहिलो. अशा डॉक्टरांना तेव्हा हाऊसमन म्हणत. राहायचं दवाखान्यात, जेवायचं दवाखान्यात आणि झोपायचं जमेल तेव्हा. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं चांगली होती, आणि मी जे सांगणार आहे त्यात कुरकुर बरीच आहे.

आमचे मोठे डॉक्टर विलायतेहून शिकून आलेले. माणूस सज्जन, हाताला यश. पण येताना ते एक कल्पना घेऊन आले होते. डॉक्टरला नुसतं औषध देता येऊन भागत नाही, त्याला स्वतःलाही सांभाळता आलं पाहिजे. कल्पनेत काही खोट नव्हती. तिच्यासाठी त्यांनी आम्हा हाऊसमनांचा वर्ग काढला, त्याला नाव दिलं 'वैद्याचे स्वास्थ्य व आचरण', आणि तो ठेवला रविवारी सकाळी, म्हणजे अख्ख्या आठवड्यात आम्हाला पाठ टेकायला मिळायची नेमकी त्याच वेळी. हजेरी सक्तीची. मोकळ्या हवेत फिरा, घास शांतपणे चावा, मन प्रसन्न ठेवा, झोपेत काटकसर नको. माझा एक सोबती उघड्या डोळ्यांनी झोपायला शिकला. त्या वर्गाचा एवढाच काय तो उपयोग झाला.

आमच्या घरी दत्ताची उपासना. आईने ट्रंकेत तसबीर घालून दिली होती, ती मी खोलीत खिळ्याला टांगली होती. सुरुवातीला रोज उदबत्ती लावायचो. मग नुसता नमस्कार. मग येता-जाता एक नजर, आणि शेवटी तीही गेली. देव नाही असं काही मला वाटत नव्हतं. आहे, पण त्यालाही बहुधा मोठ्या डॉक्टरांसारखीच दुसऱ्याला उपदेश करायची सवय असावी, असं वाटे. अशा देवाशी बोलायचं तरी काय?

त्या श्रावणात मुदतीच्या तापाने, म्हणजे टायफॉइडने, वॉर्ड भरून गेला. खाटा संपल्या, मग व्हरांड्यात चटया घातल्या. त्यात तापीकाठच्या एका खेड्यातला एक तरुण शेतकरी होता, आणि त्याच्या उशाशी त्याची म्हातारी आई. सगळे तिला अक्का म्हणत. अक्का कधी काही मागायच्या नाहीत, रडायच्या नाहीत. मी फेरीला आलो की मुलाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहत बसायच्या. मला त्याचा भयंकर राग यायचा. एकदा मी फटकारलंही, "माझ्या तोंडात काय आहे? त्याच्याकडे बघा, पाणी पाजा." त्यांनी पाणी पाजलं आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. काही दिवसांनी मुलाचा ताप उतरणीला लागला, तेव्हा सुनेला त्याच्याजवळ बसवून अक्का गावी गेल्या. घरी कानबाई, म्हणजे खानदेशात श्रावणात घरोघरी बसवतात ती देवी, बसणार होती.

इकडे मला स्वतःला कसकस वाटू लागली होती. मी ॲस्पिरिनच्या गोळ्या गिळून हिंडत होतो. आजारी पडायलासुद्धा सवड लागते. त्या रविवारी वर्गाचा विषय होता 'थकव्याची लक्षणे'. मोठे डॉक्टर फळ्यावर एकेक लक्षण लिहीत होते, आणि मला थंडी वाजून दात वाजत होते. डोळा कधी लागला कळलं नाही. जागा झालो तो त्यांच्या आवाजाने.

"तुमचं लक्ष नाही. थकव्याची लक्षणं सांगा पाहू."

"फळ्याकडे कशाला, साहेब, माझ्याकडे पाहा," मी म्हणालो. बोलायला नको होतं, पण बोलून गेलो.

मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "उद्धटपणा. हेही एक लक्षण आहे." आणि त्यांनी ते फळ्यावर लिहिलं!

डोक्यात सणक गेली. रागापेक्षा लाज जास्त होती, आणि लाजेपेक्षा जास्त होती ती निराशा. वर्ग सुटल्यावर मी त्यांना गाठून सांगितलं की मी नोकरी सोडतो आहे. नोकरीच कशाला, डॉक्टरीच. सांगलीला मामांचं भांड्यांचं दुकान होतं. पितळेला ताप येत नाही, एवढा एकच विचार मनात होता. मोठे डॉक्टर म्हणाले, "उद्या बोलू." त्यांच्याकडे सगळं उद्यावर होतं.

सोमवारी दुपारी फेरी संपवून मी ट्रंक भरली. तसबीर काढून कपड्यांत गुंडाळली. निघताना नमस्कार करतात, तोही केला नाही. मोटार स्टँडवर धुळ्याची गाडी यायची होती. उन्हात उभा होतो तरी अंगात हुडहुडी भरली होती, ट्रंकेवर बसलो तर उठवेना. गाडी आली, आणि तिच्यातून सगळ्यांत आधी उतरल्या त्या अक्का. कपाळावर कुंकवाचा मळवट, हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी.

"कथा चालनात, दाक्तरभाऊ?"

"घरी," मी म्हणालो.

त्यांनी उत्तर ऐकलं की नाही देव जाणे. सरळ माझ्या कपाळावर हात ठेवला. "अरे देवा, आंग कसं तपी राह्यनं! मना आंडोरले तुम्ही दखतस. तुम्हले कोन दखस?"

एवढी माझी परीक्षा, एवढे ते वर्ग, पण त्यांच्या मुलाला मी बघतो तर मला कोण बघतं, हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भर स्टँडवर, हमाल आणि कंडक्टरच्या देखत. अक्कांनी फडकं सोडलं. आत गव्हाचा जाड रोट होता, कानबाईच्या प्रसादाचा.

खानदेशात राहून मला एवढं कळलं होतं की हा रोट घरच्यांनीच खायचा. घरातल्या दर माणसामागे सव्वा मूठ गहू देवीच्या नावाने काढतात, त्याचे रोट होतात, आणि ते भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत. शेजाऱ्यालासुद्धा नाही. म्हणून मी हात मागे घेतला. "अक्का, मी बाहेरचा. मला चालत नाही."

"बाहेरना कशा?" अक्का चिडल्याच. "गहू काढताना तुम्हनी मूठ टाकेल शे. नाव ते माले माहीत नई. कानबाईले सांगं, हाई आमना दाक्तरनी मूठ. आते खाई ल्या, नई ते ती माय मनावर रागावई."

मी ट्रंकेवर बसून रोट खाल्ला. तोंडाला चव नव्हती, घास फिरत होता, तरी शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. ज्या गाडीने मी जाणार होतो ती माझ्यासमोरून गेली, आणि मला तिची जरासुद्धा हळहळ वाटली नाही. ज्या घरी मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं, तिथे देवीसमोर माझी मोजदाद झाली होती, आणि ती व्हावी म्हणून मी काही केलं नव्हतं. उलट त्या बाईवर खेकसलो होतो.

अक्कांनी हमालाच्या डोक्यावर ट्रंक दिली आणि माझा दंड धरून मला दवाखान्यात नेलं. मोठे डॉक्टर व्हरांड्यात उभे होते. अक्का त्यांना म्हणाल्या, "हाऊ तुम्हनाच दाक्तर शे ना? मंग ह्याले निजाडा."

मला वाटलं, आता व्याख्यान ऐकावं लागणार. पण त्यांनी माझी नाडी धरली, पापणी खाली ओढून पाहिली, पोटाला हात लावून पाणथरी म्हणजे प्लीहा चाचपली, आणि त्यांचा चेहरा उतरला. "हिवताप. बऱ्याच दिवसांचा दिसतो," एवढंच म्हणाले. मग स्वतःच्या हाताने माझी चादर झटकली. निघताना काढायची राहिलेली माझ्या गळ्यातली तपासायची नळी काढून आपल्या गळ्यात घातली आणि माझ्या वॉर्डाकडे चालू लागले. चालता चालता मागे वळून म्हणाले, "माझं चुकलं." आणि ते आत गेले.

माझ्या बाबतीत चमत्कार झाला असं मी म्हणत नाही. कोयनेलने, म्हणजे क्विनाइनने, हिवताप उतरतो, आणि म्हाताऱ्या आयांना मायाही असते. मला फक्त एवढं ठाऊक आहे की मी देवाशी बोलणं टाकलं होतं, आणि त्याने माझ्यासाठी एका आईला बोलायला पाठवलं, तेही अहिराणीत. पुढे जन्मभर मी डॉक्टरीच केली. शिकाऊ मुलं हाताखाली आली तेव्हा त्यांना विश्रांतीवर कधी व्याख्यान दिलं नाही. कपाळाला हात लावायचो आणि घरी पाठवायचो.

पण त्या दुपारी हे काहीच ठरलेलं नव्हतं. मी खाटेवर पडलो होतो, पलीकडे वॉर्डात कोणी कण्हत होतं, आणि सवयीने माझे पाय उठायला बघत होते. तेव्हा कित्येक महिन्यांनी मी हात जोडले. मागितलं काही नाही. म्हणालो, "दत्ता, माझ्याच्याने आता होत नाही. आज वॉर्ड तू बघ."

आणि मला झोप लागली.