दाबून धरलेला पाव

शेतकऱ्यांच्या बाजारातून आणलेले टोमॅटो माझी लेक मुक्ता चिरत होती. फ्रान्समधल्या तिच्या घरी मी पहिल्यांदाच आले होते, तेही जावई घर सोडून गेल्यावर. तिनं फोडींवर मीठ भुरभुरलं, तशी मी सवयीनं ओरडलेच, "अगं, आत्ताच नको, पाणी सुटेल!"

"सुटू दे गं आई. या सँडविचचा पाव त्या पाण्यातच भिजवायचा असतो."

कोशिंबिरीत मीठ अगदी पान वाढताना घालायचं, हे मीच तिला शिकवलं होतं. इथे उन्हाळ्यात ना फोडणी, ना गॅस पेटवणं. लेकीसाठी करण्यासारखं मला काही उरलंच नव्हतं.

टोमॅटो, डब्यातला मासा, ऑलिव्ह असं सगळं भरून तिनं पाव फडक्यात गुंडाळला. "यावर वजन लागतं. जरा दाबून धर, आलेच मी," म्हणाली आणि आत जाऊन तिनं दार लावून घेतलं.

दाराआडून हुंदके ऐकू येत राहिले. फडकं ओलं होऊन तळव्यांना गार लागायला लागलं, तरी मी तशीच दोन्ही हातांनी पाव दाबत उभी राहिले.